‘मस्त है’ म्हणालो होतो

१९९६ च्या दिवाळीला मी बारा वर्षांचा होतो. बाबांच्या स्टील प्लांटचा बोनस झाला होता, नागपूरहून आजोबांनी फराळाच्या डब्यासोबत खाऊचे पैसे पाठवले होते, आणि माझ्या कंपासपेटीत दीडशे रुपये जमले होते. ते घेऊन मी पॉवर हाऊस भागातल्या बाजारात गेलो आणि व्हिडिओ गेमची एक कॅसेट विकत आणली. भिलाईत आम्ही सगळे तिला कॅसेटच म्हणायचो. तळहाताएवढी, पिवळ्या प्लॅस्टिकची. वरच्या चिठ्ठीवर एक लढाऊ विमान, कराटेच्या पवित्र्यात उभा असलेला एक माणूस, मागे ज्वाळा आणि जाड अक्षरांत ‘९९९९९९९ इन वन’. एक कोटीला फक्त एक कमी.

घरी येऊन खाचेत बसवली, सुरू झाली नाही म्हणून काढून फुंकर मारली, पुन्हा बसवली. यादी आली. पहिल्या पानावरचे गेम खरे होते. दुसऱ्या पानापासून तेच गेम निराळ्या नावांनी यायला लागले. तोच रणगाडा, फक्त चौथ्या पातळीपासून सुरू होणारा. तेच विमान, फक्त सुरुवातीलाच जास्त गोळ्या असलेलं. रात्री जेवायच्या आधी मी वहीत मोजदाद केली. वेगळे गेम अकरा. त्यातले सहा मशीनसोबत आलेल्या कॅसेटमध्ये आधीपासूनच होते.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. दुकानदारानं ती स्वतःच्या मशीनमध्ये लावून दाखवली आणि म्हणाला, “चालू है ना? चालू माल वापस नहीं होता.” खरंच चालू होती. मी काही बोलू शकलो नाही.

पण मी हे लिहायला बसलो ते त्या दुकानदारासाठी नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी समोरच्या क्वार्टरमधला मित्र आला. त्याचे वडील कोक ओव्हनला, माझे रेल मिलला. ते तेलुगू, आम्ही मराठी, आणि आम्हा पोरांची भाषा सेक्टरमधल्या सगळ्यांची तीच हिंदी. त्यानं विचारलं, “नई वाली कैसी है?” मी म्हणालो, “मस्त है.” आठवड्याभरात त्यानं तीच कॅसेट घेतली. त्यानंतर त्याच्या घरी मी ती कॅसेट मशीनला लावलेली कधीच पाहिली नाही. त्यानं मला काही विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही.

व्हिडिओ गेम विकत घेऊन पस्तावलेल्या माणसाला आजकाल एक वाक्य हमखास ऐकावं लागतं: तुम्हीच पैसे दिलेत ना, मग तक्रार कसली? मला या वाक्याचा राग येतो. पण त्यात एक कण खरा आहे, आणि तो कण कुठे आहे हे मला त्या पिवळ्या कॅसेटमुळे ठाऊक आहे.

बाबा रेल मिलमध्ये तपासणीच्या बाजूला होते. भिलाईचे रूळ म्हणजे आमच्या घरातला अभिमानाचा विषय. नागपूरला जाताना गाडी कुठल्याही स्टेशनात थांबली की बाबा खिडकीतून रुळाच्या बाजूला उठलेली अक्षरं वाचायचा प्रयत्न करत. त्यांनी मला एक गोष्ट अनेकदा सांगितली होती. रूळ घेणारी रेल्वे आणि बनवणारा प्लांट, दोन्ही सरकारचीच. तरीही खरेदीदाराचा माणूस कारखान्यात येऊन उभा राहतो. रेल्वेच्या वतीनं राइट्स या कंपनीचे निरीक्षक तिथेच असतात. रूळ सरळ आहे का पाहतात, अंगावर चीर आहे का पाहतात, पोटात पोकळी आहे का ते ध्वनिलहरींनी तपासतात. नमुन्याचा तुकडा कापून त्यावर टनाहून जड घण उंचावरून टाकतात. तुकडा मोडता कामा नये. रूळ तर पुढची गोष्ट, त्याआधी वितळलेल्या पोलादातला हायड्रोजनसुद्धा मोजतात. दहा लाख भागांत १.६ भागांपेक्षा जास्त चालत नाही, कारण तो हायड्रोजन आतल्या आत बारीक भेगा पाडतो आणि त्या भेगा वर्षांनंतर एखाद्या थंडीच्या पहाटे गाडीखाली उघडतात. “पास झाल्याशिवाय रूळ वॅगनमध्ये चढत नाही,” बाबा म्हणायचे. त्यांना त्या निरीक्षकांचा राग यायचा नाही. एखादा रूळ नापास झाला तर ते दोन दिवस गप्प असत, पण निरीक्षकाला दोष देत नसत.

आईचीही तपासणी होती. भिलाईचा उन्हाळा ज्यानं सोसलाय त्याला मडक्याची किंमत सांगायला नको. एप्रिल लागला की आई बाजारात मडक्यांच्या ढिगापुढे बसायची आणि एकेक मडकं उचलून बोटाच्या पेरानं वाजवायची. खणखणीत आवाज आला तर ठेवायचं, बद्द आला तर बाजूला. कुंभारीण हे सगळं शांतपणे बघत असे. वाजवून घेणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे हे दोघींनाही मान्य होतं.

कॅसेट वाजवून बघता येत नव्हती. तरी त्या काळात एक सोय होती. आमच्या भागात दोन-तीन ठिकाणी तासावर गेम खेळायला मिळायचे, पाच रुपये तास. जुनी कॅसेट देऊन वर वीस रुपये टाकले की दुसरी बदलून मिळायची. पुढे कॉम्प्युटर आले तेव्हा मासिकांसोबत सीडी यायची. ‘डिजिट’ मासिकाच्या सीडीवर गेमचे नमुने असत, एखादी पातळी फुकट खेळून बघायची, आवडलं तर पुढचा विचार. ‘डूम’ हा गेम तर १९९३ मध्ये याच रीतीनं जगभर गेला. पहिला भाग फुकट, वाटा कोणालाही; उरलेला हवा असेल तर पैसे पाठवा. गेम बनवणारा तुमच्या हातात मडकं देऊन म्हणत होता, वाजव.

मग ही रीत मागे पडली आणि तिच्या जागी आगाऊ नोंदणी आली. गेम अजून तयार व्हायचाय, कोणी खेळलेला नाही, तीन मिनिटांची चित्रफीत बघून पूर्ण किंमत भरायची. बदल्यात नायकाला एक वेगळं जाकीट किंवा एक जादा तलवार. आगाऊ नोंदणी आपल्याला नवी नाही. बजाजच्या स्कूटरसाठी आमच्या बाबांच्या पिढीनं वर्षानुवर्षं नंबर लावला. पण तिथे माल खरोखर कमी होता, नंबर लावला नाही तर स्कूटर मिळतच नव्हती. डिजिटल गेम संपत नाही. पहिल्या दिवशी जितका असतो तितकाच तो शंभराव्या दिवशीही असतो, आणि बहुतेक वेळा स्वस्त आणि दुरुस्त होऊन. टंचाई नसलेल्या वस्तूसाठी आपण रांग लावतो, आणि रांगेत उभं राहिलो म्हणून ती वस्तू मौल्यवान वाटू लागते. इथे खरेदीदाराचा वाटा आहे असं मला वाटतं. निरीक्षकाला मिलमध्ये येऊच दिलं नाही तर तो प्लांटचा दोष. पण निरीक्षकानंच न येता घरबसल्या शिक्का मारून पाठवला तर?

‘सायबरपंक २०७७’ हे याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. १० डिसेंबर २०२० ला तो आला तेव्हा ऐंशी लाख लोकांनी आधीच पैसे भरलेले होते. प्लेस्टेशन ४ सारख्या जुन्या यंत्रांवर तो अडखळत होता, बंद पडत होता. आठवड्याभरात सोनीनं तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. परत यायला त्याला पुढच्या वर्षीचा जून उजाडला. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीनं माफी मागितली. आता कोणी म्हणेल, ऐंशी लाख उतावळे. पण समीक्षकांना आधी दिला गेला तो फक्त कॉम्प्युटरवरचा गेम, जिथे तो त्यातल्या त्यात बरा चालत होता. जुन्या यंत्रांवरचा गेम कोणाच्या हाती लागूच दिला नव्हता. आणि काही आठवडे आधी कंपनीचे प्रमुख गुंतवणूकदारांना सांगत होते की जुन्या यंत्रांवरही तो चांगला चालतो. ही गोष्ट दडवलेली होती. दडवलेलं पाहता आलं नाही याचा ठपका मी पाहणाऱ्यावर ठेवणार नाही. आपला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदाही ठेवत नाही. महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणं हे त्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येतच बसवलेलं आहे. खोटं बोलणाऱ्याचा दोष ऐकणाऱ्यावर वाटून टाकायचा नसतो. त्यात निम्मं-निम्मं नसतं.

सायबरपंकच्याच वर्षी आपल्याकडेही एक गोष्ट घडली. २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली आणि दोनच दिवसांत ‘फौजी’ या भारतीय गेमची घोषणा झाली. नोव्हेंबरअखेर नावनोंदणी उघडली तेव्हा एका दिवसात दहा लाखांहून जास्त लोकांनी नावं दिली. २६ जानेवारीला गेम आला, गलवान खोऱ्यातला, हातघाईच्या लढाईचा. लोक पबजीची जागा भरून काढणारं काही शोधत होते. त्यांना ते मिळालं नाही आणि ॲपच्या दुकानातले तारे झरझर उतरले. पैसे कोणाचे गेले नाहीत, गेम फुकट होता. पण मला तो प्रसंग महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे अपेक्षेचा मोठा हिस्सा आम्हीच बांधला होता. गेमला आम्ही देशाभिमानाचं काम दिलं होतं. आमच्या सेक्टरमधल्या मुलांनी तो कसा असेल याची चर्चा महिनोन्‌महिने केली, आणि त्या चर्चेत प्रत्येक आठवड्याला गेम थोडा आणखी मोठा होत गेला. कोणीही न बनवलेल्या त्या मोठ्या गेमशी मग खऱ्याची तुलना झाली.

माझ्या पिवळ्या कॅसेटचा उगम शोधायचा तर मात्र बरंच मागे जावं लागतं. १९८२ च्या उन्हाळ्यात ‘ई.टी.’ हा सिनेमा अमेरिकेत तुफान चालला. अटारी कंपनीनं त्यावरचा गेम नाताळपूर्वी बाजारात आणायचं ठरवलं आणि हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या एकट्या माणसाला तो बनवायला जेमतेम पाच आठवडे मिळाले. सिनेमाच्या प्रेमात असलेल्या आईबापांनी तो मुलांसाठी घेतला. मुलं खड्ड्यांत पडत राहिली, बाहेर येत राहिली, पुन्हा पडत राहिली. न खपलेल्या आणि परत आलेल्या कॅसेटचे ट्रक १९८३ च्या सप्टेंबरमध्ये न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्दोच्या कचरापट्टीत रिकामे केले गेले. २०१४ च्या एप्रिलमध्ये ती जमीन खणली, तेव्हा त्या खरंच निघाल्या. मी ते फोटो पाहिले तेव्हा मातीनं माखलेल्या डब्यांवरची चित्रं अजून ओळखू येत होती.

तो एकच गेम दोषी नव्हता. वाईट गेम इतके झाले होते की गिऱ्हाइकांनी दुकानात जाणंच सोडलं आणि दोन-तीन वर्षांत अमेरिकेतला घरगुती गेमचा धंदा जवळजवळ बसला. तो उभा केला निंटेंडोनं, १९८५ पासून, आणि त्यांनी केलेली एक गोष्ट मला थेट रेल मिलची आठवण करून देते. अमेरिकेतल्या यंत्रात त्यांनी एक चिप बसवली. कॅसेटमध्ये तिची जोडीदार चिप नसेल तर यंत्र ती चालवायचंच नाही. शिवाय एका प्रकाशकानं वर्षाला पाचच गेम काढायचे. थोडक्यात, त्यांनी फाटकावर निरीक्षक बसवला. त्यातून त्यांची मक्तेदारीही झाली, हे खरंच. पण त्यांच्या १९८३ च्या जपानी यंत्रात, फॅमिकॉममध्ये, ती चिप नव्हती. आशियाभर ज्या नकला पसरल्या त्या या यंत्राच्या. आपल्याकडच्या घराघरांत टीव्हीखाली असलेला ‘व्हिडिओ गेम’ बहुतेक याच कुळातला. म्हणजे पॉवर हाऊसच्या त्या काउंटरपर्यंत जी वाट आली होती त्या वाटेवर कुठेच फाटक नव्हतं. नऊच्या आकड्यापुढे किती नऊ लिहायचे हे छापणाऱ्याच्या मर्जीवर होतं, आणि शेवटी तपासायला एक बारा वर्षांचा मुलगा उरला होता.

त्या मुलावर मी फसल्याचा ठपका ठेवत नाही. मला त्याचा हिशेब वेगळ्या ठिकाणी करायचा आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्यानं एक गेम घेतला. रिसालीत ताईच्या घरी तो बारावीची तयारी करत होता. वाढदिवसाचे पैसे, माझ्याकडून घेतलेले हजार, असे मिळून चार हजारांच्या आसपास भरले आणि गेम यायच्या तीन आठवडे आधीच घेऊन ठेवला. कोणता गेम, कुठल्या दुकानातून, हे सांगत नाही. मी रविवारी गेलो तेव्हा तो पडद्यासमोर बसला होता आणि पडद्यावरचा माणूस भिंतीत अर्धा रुतलेला होता. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडचा मुलगा काहीतरी विचारत होता. भाच्यानं भिंतीतल्या माणसाकडे बघत सांगितलं, “एक नंबर है यार, ले ले.”

मी त्याला त्या दिवशी कॅसेटची गोष्ट सांगितली. मित्राचीसुद्धा, जी मी तोवर कोणालाच सांगितली नव्हती. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “पण मामा, खरं सांगितलं असतं तर मी मूर्ख ठरलो असतो ना? मीच सगळ्यांना सांगत होतो की हा गेम येतोय.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण माझंही कारण तेच होतं. फसवणारा आपल्या खिशातून पैसे नेतो आणि जाताना लाज ठेवून जातो. ती लाज झाकण्यासाठी आपण पुढच्याला ‘मस्त है’ म्हणतो, आणि तिथून पुढे विक्री आपण करतो, दुकानदाराला काही करावं लागत नाही. त्याची जाहिरात कोणी फारशी खरी मानत नाही. मित्राची मानतात. १९९६ मध्ये समोरच्या क्वार्टरसाठी एकुलता एक निरीक्षक मी होतो. रूळ नापास होता हे मला वहीत लिहून ठेवण्याइतकं पक्कं ठाऊक होतं, आणि मी पास केला.

आपल्याकडे या लाजेवर तोड शोधलेली माणसं होऊन गेलीत. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि तिथल्या कुटुंबांनी गट करून महिन्याचं वाणसामान एकत्र घ्यायला सुरुवात केली. मला त्यातली स्वस्ताई तितकी मोठी वाटत नाही. माल आधी कोणीतरी पारखायचा आणि डाळीत खडे निघाले तर ते सगळ्यांसमोर बोलायचं, हे मला मोठं वाटतं. खडे निघाले म्हणून तिथे कोणा एकीची फजिती होत नाही, कारण डाळ सगळ्यांनी घेतलेली असते. गेम घेणारा मात्र खोलीत एकटा असतो.

बोलल्यानं फरक पडतोच. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगानं २०१४ मध्ये स्टीम हे कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीला परताव्याच्या मुद्द्यावर कोर्टात नेलं. खटला चालू असतानाच, २०१५ च्या जूनमध्ये, स्टीमनं जगभर नियम केला: खरेदीपासून चौदा दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळला असाल तर पैसे परत. तोवर जगातल्या त्या सर्वांत मोठ्या दुकानात असा सरसकट हक्क नव्हता. दोन तास म्हणजे मडकं वाजवण्याइतकाच वेळ, पण आहे. कोर्टानं पुढे कंपनीला तीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंडही केला. तक्रार करणारे गप्प बसले असते तर यातलं काहीच झालं नसतं.

भाच्यानं त्या संध्याकाळी फोनवाल्या मुलाला परत फोन केला नाही. रात्री उशिरा त्याला एक संदेश मात्र पाठवला, असं ताईनं नंतर सांगितलं. “रुक जा, अभी मत ले,” एवढाच. कारण लिहिलं नव्हतं. मला वाटतं, सतरा वर्षांच्या मुलानं त्या वयात याहून जास्त करावं अशी अपेक्षा मी ठेवू नये. मी एवढंही केलं नव्हतं.

मित्र आता विशाखापट्टणमला असतो, तोही पोलादातच. गेल्या दिवाळीला मी त्याला फोन लावला. मुलं, आईवडील, प्लांट, सगळं बोलून झालं आणि मग मी पिवळ्या कॅसेटचं सांगितलं. अकरा गेमची वही, दुकानदार, आणि “मस्त है”. तो बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं लाइन गेली.

मग तो म्हणाला, “मुझे पहले ही दिन समझ आ गया था.” आणि थोडं थांबून, “मैंने कोनेवाले क्वार्टर के लड़के को बोला था, मस्त है.”

कोपऱ्यावरच्या त्या मुलानंही घेतली होती, हे दोघांनाही आठवत होतं. त्याच्या चुलतभावानंही. मागच्या रस्त्यावर दोघे भाऊ होते, त्यांच्याकडे तसलाच पिवळा डबा टीव्हीवर ठेवलेला असायचा. आम्ही एकेक क्वार्टर आठवत मोजत गेलो. सहापर्यंत आलो. सातव्या घरातल्या मुलाचं नाव दोघांनाही आठवेना, आणि तो रडत आपल्या वडिलांसोबत बाजाराकडे निघालेला मात्र दोघांनाही स्पष्ट दिसत होता.